राजवाड्यासमोरच्या जुन्या गाड्या : कोण कोण गेलं होतं?

पितळी_हॉर्न (रविवार, दुपारी)

मंडळी, आज सकाळी इंदुरात राजवाड्यासमोर रस्ता बंद करून उत्सव होता. मल्लखांब, झुंबा, रांगोळ्या, जिरावण मसाला मारलेले पोहे, सगळं यथास्थित. मी त्यातलं पोहे सोडून काहीच धड पाहिलं नाही, कारण कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांकडे जाणाऱ्या बाजूला जुन्या गाड्या ओळीने लावल्या होत्या. एकदा तिकडे वळलो तो ऊन चटके देईपर्यंत तिथेच.

सगळ्यात जास्त गर्दी लाल शेवरोले फ्लीटमास्टरभोवती. १९४७ चं मॉडेल. गाडी देखणी, वाद नाही. पण रंग आजचा मेटॅलिक, चाकं अलॉयची, आत बकेट सीट आणि ब्लूटूथ. मालकांनी बॉनेट उघडलं तर आत मूळचं सहा सिलिंडरचं इंजिनही नव्हतं, कुठल्या तरी डिझेल गाडीचं बसवलेलं. लोक धडाधड सेल्फी काढत होते.

आणि ओळीच्या अगदी टोकाला, जनरेटरच्या शेजारी, एक डुक्कर फियाट, म्हणजे पन्नाशीच्या दशकातली फियाट ११००. फिकट हिरवी. टपावरचा रंग उन्हाने उडून खालचा प्रायमर दिसतोय. पुढची दारं उलटी उघडणारी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. दार उघडलं की आतल्या कडेला मूळ हिरवा रंग अजून गडद आहे, तिथे ऊन कधी पोहोचलंच नाही. स्टिअरिंगला बारीक चिरा, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, सीटवर कधीकाळी शिवून घेतलेलं रेक्झिन. मालक आजोबा स्वतः चालवत घेऊन आले होते. ट्रेलर नाही, काही नाही. लहान पोरांना आत बसू देत होते, एवढंच सांगत होते, "दार आपटू नका रे, हळूच ओढा, आपोआप लागतं."

माझं मत सरळ आहे. त्या अख्ख्या ओळीत पाहण्यासारखी गाडी तीच होती, आणि तिला जनरेटरच्या धुरात उभं केलं होतं. तुम्हाला काय वाटतं?

---

डेंटर_पेंटर_मालवा

भिया, मत तुमचं, पण पत्रा तुमचा नाही ना. "उडालेला रंग किती छान" असं म्हणणारा माणूस पावसाळ्यात गाडी कुठे लावतो ते आधी सांगा. माझा हाच धंदा आहे. फियाटच्या दाराखालची पट्टी एकदा आतून गंजायला लागली की वरून काही दिसत नाही, आणि एक दिवस जॅक लावला की जॅक वर येतो, गाडी जागेवरच. उघड्या प्रायमरवर ओल धरते. त्या आजोबांच्या गाडीचा टप अजून दोन-चार पावसाळे असाच राहिला तर तुमची ती गडद हिरवी कडसुद्धा राहणार नाही.

शेवरोलेचं इंजिन बदललं ते मलाही पटलं नाही. पण रंगाला नावं ठेवू नका. माणसाने पदरचे पैसे घालून गाडी भंगारातून बाहेर काढली आहे.

---

शिवडी_ते_सियागंज

फ्लीटमास्टरचा विषय निघालाच आहे तर. ही गाडी बहुधा "इंपोर्टेड" नाही, म्हणजे आपण समजतो त्या अर्थाने नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि गाडी इथे जोडली जायची. पन्नाशीच्या दशकात सरकारने धोरण केलं की देशात बनवणार असाल तरच थांबा, नुसती जुळणी चालणार नाही. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी गाशा गुंडाळला. मैदानात राहिले ते इथे कारखाना चालवणारे : वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड. म्हणून आपल्या लहानपणी रस्त्यावर फियाट, ॲम्बॅसडर आणि हेराल्ड याच तीन गाड्या दिसायच्या.

मूळ इंजिन २१६ घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. सहा व्होल्टची वायरिंग. स्टिअरिंगवरच्या गिअरला व्हॅक्यूमची मदत असायची, एका बोटाने गिअर पडायचा. ते सगळं काढून डिझेल घातलं म्हणजे उरलं काय? पत्र्याचा डबा. दिसायला शेवरोले, आवाज भाजीच्या टेम्पोचा.

---

पितळी_हॉर्न

@डेंटर_पेंटर_मालवा, गंज थांबवू नका असं मी कुठे म्हणतोय? आतून मेण मारा, खालून कोटिंग करा, टपावर नुसता क्लिअर कोट द्या. पण सगळा रंग खरवडून "शोरूम फिनिश" केलं की ती गाडी कुणाची होती, कुठे उभी असायची, ते सगळं पुसलं जातं.

---

रामबागची_लेक

मी गेले होते, आणि मी त्या फियाटजवळच उभी होते, तुम्ही कदाचित मला पाहिलंही असेल. हिरव्या साडीतली बाई, जी आजोबांना डॅशबोर्डाबद्दल छळत होती, ती मी.

आमच्याकडे फियाट होती, पण ही नव्हे, नंतरची डिलाइट. बाबा दर उन्हाळ्यात आम्हाला घेऊन पुण्याला आजोळी जायचे. जुना आग्रा रोड. महू सोडलं, मानपूर आलं की भेरूघाट. तिथून पुढे सेंधवा, बिजासनचा घाट, मग धुळे. घाटात दुपारी गाडी हमखास बंद पडायची. इंजिनच्या उष्णतेने पंपातलं पेट्रोलच उकळायचं, वाफ धरली की पंप ओढत नाही. आईकडे त्यासाठी एक वेगळं फडकं होतं. ते मातीच्या सुरईतल्या पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचं आणि झाडाखाली बसायचं. दशम्या आणि लसणाची चटणी तिथेच संपायची. बाबा म्हणायचे, गाडीला भूक लागली नव्हती, तुम्हाला लागली होती.

आता मला सांगा, चकचकीत लाल गाडीजवळ उभं राहून कुणाला असं काही आठवेल? मला तरी नाही आठवलं. पण डेंटर भाऊंचंही चूक नाही. आमची गाडी शेवटी गंजूनच गेली.

---

यशवंत_क्लब_बाहेरून

इंदुरात जुन्या गाड्यांची गोष्ट चालू आहे आणि अजून कुणी ड्यूसेनबर्गचं नाव काढलं नाही? कमाल आहे.

यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एसजे मॉडेलची लांब चॅसिस, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली. आठ सिलिंडर एका रांगेत, ६.९ लिटर, वर सुपरचार्जर, ३२० अश्वशक्ती. त्या काळात! कंपनीच १९३७ मध्ये बंद पडली, म्हणजे ही अगदी शेवटच्या गाड्यांपैकी. रंग होळकरांचा, केशरी आणि काळा. आता अमेरिकेत आहे.

याच महाराजांनी माणिकबाग बांधला. जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस. १९३० च्या दशकात इंदुरात एअर कंडिशनिंग, युरोपातून खास बनवून आणलेलं फर्निचर. ते फर्निचर पुढे १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं आणि माणिकबागेत कर खात्याचं ऑफिस बसलं. गाडी गेली, खुर्च्या गेल्या, भिंती राहिल्या. आणि आपण राजवाड्यासमोर ब्लूटूथवाल्या शेवरोलेबरोबर सेल्फी काढतोय.

---

डेंटर_पेंटर_मालवा

ती ड्यूसेनबर्ग आज चकाचक पॉलिश केलेलीच असते की नाही? फोटो पाहा. तिच्यावर कुणी म्हणत नाही की उडालेला रंग ठेवायला हवा होता. राजाची गाडी चमकलेली चालते, आजोबांची फियाट मात्र गरीबच दिसली पाहिजे. हाव ना?

---

पितळी_हॉर्न

हे मात्र लागलं. उत्तर विचार करून देतो.

---

नवीन_चालक_सुदामानगर

नमस्कार, मी या विषयात नवा आहे. दोन प्रश्न. एक, तिथे कुठे "विंटेज" लिहिलं होतं, कुठे "क्लासिक", यात नेमका फरक काय? दुसरा, मला ॲम्बॅसडर घ्यायची आहे. राजेंद्रनगरला एक मार्क टू आहे, १९७० ची, विकायची आहे म्हणे. बघायला जाताना काय पाहू?

---

शिवडी_ते_सियागंज

पहिल्याचं उत्तर. जुन्या गाड्यांची जी जागतिक संघटना आहे, फीवा, तिच्या वर्गवारीत विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधल्या गाड्या. त्याआधीच्या व्हेटरन वगैरे. आपल्याकडच्या रॅल्यांत मात्र युद्धापूर्वीच्या सगळ्यांना सरसकट विंटेज म्हणतात आणि नंतरच्यांना क्लासिक.

सरकारची व्याख्या तिसरीच. २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असलेली, जिच्या चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नाही, ती विंटेज. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. जुना मूळ नंबर असेल तर तो ठेवता येतो. अट अशी की अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची नाही, भाड्याने तर नाहीच. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

आता @पितळी_हॉर्न आणि @डेंटर_पेंटर यांच्या भांडणात ही ओळ पुन्हा वाचा : मोठा फेरफार झालेला नाही. रंगावर कायद्याचं काही म्हणणं नाही. डिझेल इंजिन घातलेली शेवरोले मात्र या व्याख्येत बसायची नाही, ती कितीही लाल असो. आणि तुमची १९७० ची मार्क टू वयात बसते. इंजिन मूळचं आहे का तेवढं बघा.

---

पीथमपूर_रिटायर्ड

ॲम्बॅसडरबद्दल मी सांगतो, आयुष्य त्यात गेलं. हिंदुस्तान मोटर्सचा इंजिनचा कारखाना आपल्या पीथमपुरात होता. जपानच्या इसुझूकडून तंत्रज्ञान घेतलेली इंजिनं तिथे बनायची. काँटेसाला लागली, पुढे १९९३ मध्ये ॲम्बॅसडर १८०० आयएसझेडला लागली. त्या गाडीला पाच गिअर, तेही खाली जमिनीवर. ज्याने आयुष्यभर १४८९ सीसीचं जुनं बी सिरीज इंजिन चालवलं तो पहिल्यांदा ही चालवताना दचकायचा, एवढी पळायची.

बाळा, मार्क टू बघायला जाताना चुंबक घेऊन जा. फ्रिजला लावतात तो चालेल. चुंबकाला आधी पातळ फडकं गुंडाळ, रंगाला ओरखडा नको. मडगार्ड, दाराचा खालचा भाग, डिकीचा काठ, सगळीकडे फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे. ॲम्बॅसडरला वेगळी चॅसिस नसते, बॉडी हीच चॅसिस. त्यामुळे खालचा पत्रा गेला असेल तर नुसत्या पॅचने काम भागत नाही. पायाखालची मॅट उचल, पेडलखाली बघ. स्टेपनीची जागा बघ, तिथे पाणी साठतं. पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे, आहेत. गाडी सपाट जागेवर उभी करून समोरून पाहा, एका बाजूला कललेली असेल तर विचार. इंजिन थंड असताना चालू करायला सांग. विकणाऱ्याने तू यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा पी आणि घरी ये.

आणि हो, डिपर पायाने मारायचा असतो, क्लचच्या डावीकडे जमिनीवर बटण असतं. आजकालची पोरं शोधत बसतात.

विषयाला सोडून : पुढच्या वेळी कुणी तरी किनेटिक होंडा आणा रे त्या ओळीत. तीही पीथमपूरचीच. बटण दाबलं की चालू, गिअर नाही. १९८४ पासून पुढे अर्ध्या इंदूरच्या बायका तिच्यावर नोकरीला गेल्या. तिच्याभोवती कुणी दोरी बांधणार नाही, पण बांधायला हवी.

---

रामबागची_लेक

काका, त्या किनेटिकवाल्या बायकांत माझी मावशी. मागे मी. तिच्याकडे अजून आहे, पडवीत झाकून. विचारते.

---

अलकापुरी_बडोदे

बाहेरून एक टिप्पणी. २०२३ च्या जानेवारीत आमच्याकडे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात मोठं प्रदर्शन झालं, रोल्स रॉइस, बेंटली, संस्थानिकांच्या गाड्या, परदेशी परीक्षक. पाहून डोळे दिपले, खोटं कशाला बोला. पण हिरवळीवर सगळं शिस्तीत, दोरीच्या अलीकडून पाहायचं. मालक कुठे तरी शामियान्यात. तुमच्याकडच्या वर्णनावरून वाटतं, आजोबांना डॅशबोर्डाबद्दल छळता येणं हीच तुमच्या कार्यक्रमाची श्रीमंती. रस्त्यावरचं प्रदर्शन रस्त्यासारखंच असावं.

आणि बाकी कुठल्या गाड्या होत्या? सगळे त्या दोनच गाड्यांवर भांडताय.

---

पितळी_हॉर्न

बरोबर, यादी राहिलीच. लँडमास्टर एक, म्हणजे ॲम्बॅसडरच्या आधीची. मॉरिस एट, तिचा इंडिकेटर म्हणजे दाराच्या खांबातून बाहेर येणारा छोटा पिवळा हात. मुलांनी तो इतक्या वेळा वर-खाली करायला लावला की मालकांची बॅटरी बसली, मग हँडल मारून चालू केली. तीच त्या सकाळची सगळ्यात मोठी टाळी. स्टँडर्ड हेराल्ड, जिचं पुढचं अख्खं तोंड मडगार्डांसकट समोर उलटतं. दोन-तीन विलिस जीप, महूकडच्या, लष्कराने लिलावात काढलेल्या. एक पांढरी काँटेसा. जावा, येझदी, लँब्रेटा. मारुती ८०० नव्हती, मला वाटतं आता यायला हरकत नाही. १९८३ च्या डिसेंबरात पहिली चावी दिली गेली, तेव्हाची पहिली एसएस८०, म्हणजे ८०० चंच पहिलं रूप, आज कुठे दिसते?

@डेंटर_पेंटर_मालवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही म्हणता ते खरं आहे, राजाच्या गाडीला मी तो न्याय लावत नाही. पण ड्यूसेनबर्ग जन्मापासून मिरवायला केलेली, तिचं पॉलिश हा तिच्या गोष्टीचाच भाग. फियाट शाळेच्या दारात, दवाखान्यासमोर, घाटात झाडाखाली उभी राहिली. तिच्या गोष्टीत ऊन येतंच. म्हणून दोघींना एकाच मापाने मोजायचं नाही, एवढंच माझं म्हणणं. पत्रा मात्र दोघींचा वाचला पाहिजे, यात तुम्ही जिंकलात.

---

डेंटर_पेंटर_मालवा

चला, अर्धा विजय मान्य. आजोबांना माझा नंबर कळवा. टपाचा रंग उतरवायला लावणार नाही, खालचं काम करून देतो. मजुरी घेणार नाही, सामानाचे पैसे तेवढे.

---

यशवंत_क्लब_बाहेरून

एक वेगळा प्रश्न. पंपावर आता सगळीकडे ई-२० आहे. म्हणजे २० टक्के इथेनॉल. या गाड्यांचं काय होतं? मॉरिसवाल्यांना विचारायचं राहून गेलं.

---

पीथमपूर_रिटायर्ड

त्रास होतो. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. रोज फिरणाऱ्या गाडीला फरक कमी, पण महिनोन् महिने उभ्या गाडीच्या टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज. जुन्या रबराचे पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो किंवा कडक होतो. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मिश्रण पातळ पडतं, इंजिन गरम चालतं. उपाय : पाइप आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला, कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग बघा. फिकट बदामी हवा, पांढरा नको. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी. अर्धी नाही. मोकळ्या जागेत ओल बसते.

रामबागच्या ताई, तुमच्या आईचं फडकं आता जास्तच लागेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर वाफ धरतं.

---

नवीन_चालक_सुदामानगर

सगळ्यांचे आभार. मालकांशी फोनवर बोललो. इंजिन नंबर कागदाशी जुळतो म्हणाले. शनिवारी सकाळी बघायला जातोय. पण खरं सांगू, एकट्याने जायची भीती वाटते. ते काही बोलतील आणि मी मान डोलावेन.

---

पीथमपूर_रिटायर्ड

मी येतो. आदल्या रात्री फोन करून त्यांना सांग की गाडी आधी चालू करू नका.

---

डेंटर_पेंटर_मालवा

मी पण येतो, माझा चुंबक चांगला आहे. साडेसातला राजेंद्रनगर स्टेशनबाहेर भेटू, आधी पोहे.

---

रामबागची_लेक

मावशी हो म्हणाली! पण तिची अट आहे की किनेटिक ती स्वतः चालवत आणणार. वय ७२. बॅटरी आणि टायर कुठे मिळतील, शनिवारी पोहे खाताना तेही ठरवा.